हिशेब पैशाचा आणि हिशेब पत्राचा

एखाद्या खेड्यातील शाखा डाकघराची वार्षिक तपासणी ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला आपल्या टपाल खात्याच्या शिस्तीविषयी आदर वाटल्यावाचून राहणार नाही. उपविभागाचा निरीक्षक येतो तो खुर्चीवर टेकण्यापूर्वी रोकड मोजावयास घेतो. नोटा झाल्या की नाणी, नाणी झाली की तिकिटे, मग पोस्टकार्डे आणि आंतर्देशीय पत्रे, असे करीत सारी बेरीज तो दैनिक हिशेबातील शिलकेशी ताडून पाहतो. बचत खात्यांची काही पासबुके खातेदारांकडून मागवून त्यांतील नोंदी दप्तराशी रुजू करून घेतो. मागील महिन्यांत वाटलेल्या रकमांपैकी काही रकमा त्या त्या म्हातारीच्या, त्या त्या मजुराच्या हाती खरोखरच पडल्या की नाहीत, याची उंबऱ्यावर जाऊन खातरजमा करतो. आणि दिवस मावळता मावळता अहवालात असे शेरे लिहून ठेवतो की, त्यांची पूर्तता केल्याचा जबाब पोस्टमास्तरांना ठराविक मुदतीत रवाना करावाच लागतो. पाच-दहा रुपयांची तूट निघाली, तरी ती भरून द्यावी लागते आणि तिच्याबद्दल लेखी खुलासाही करावा लागतो.

ही रुजवात निरर्थक आहे असे कोणी म्हणू नये. १८८० साली मनीऑर्डर सुरू झाली आणि १८८२ साली टपाल कचेरीत बचत बँक आली, तेव्हापासून या देशातील गरिबाने आपला घामाचा पैसा ज्या एकाच सरकारी दारात निःशंक मनाने ठेवला, ते दार पोस्टाचे होय. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याने पाठविलेल्या मनीऑर्डरीवर कोकणातली घरेच्या घरे पिढ्यानपिढ्या जगली, आणि तो पैसा सुखरूप पोहोचला याचे पुष्कळसे श्रेय या रोकड मोजणाऱ्या, अंगठे पडताळून पाहणाऱ्या, प्रसंगी कठोर होणाऱ्या निरीक्षकांकडे जाते. अफरातफरीचे प्रकार तरीही घडतात, आणि ते घडतात म्हणून ही दक्षता अधिकच हवी.

परंतु या साऱ्या तपासणीत एक प्रश्न जवळजवळ विचारलाच जात नाही, आणि तो प्रश्न टपाल खात्याच्या अस्तित्वाचे मूळ कारण आहे. पत्र किती दिवसांत पोहोचले? न वाटलेली पत्रे कपाटात पडून आहेत काय, नोंदणीकृत टपालाच्या पावत्या जागच्या जागी आहेत काय, हे निरीक्षक पाहतो, नाही असे नाही. परंतु पुण्यात टाकलेले साधे पाकीट भामरागडात किंवा धडगावात कोणत्या तारखेस ज्याचे त्याच्या हाती पडले, मधल्या दिवसांपैकी किती दिवस रेल्वेत, किती छाननी केंद्रात आणि किती अखेरच्या कचेरीत गेले, आणि ही मुदत गेल्या वर्षीपेक्षा वाढली की घटली, याचे उत्तर ना त्या अहवालात सापडते, ना त्या गावच्या माणसाला कोठे वाचावयास मिळते. पैशाचा हिशेब पैचा पै लागतो. पत्राचा हिशेब लागत नाही. आपल्या टपालावरील सरकारी देखरेखीचा मोठा दोष मला हाच दिसतो, आणि हा लेख त्याच दोषाविषयी आहे.

एकेकाळी हा हिशेब ठेवण्याचे साधन सामान्य माणसाच्याच हाती होते. १८५४ साली डलहौसीच्या अमदानीत टपालाची अखिल भारतीय व्यवस्था उभी राहिली, अंतर कितीही असो साध्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर ठरला, आणि हळूहळू पत्रावर दोन मोहोरा उमटविण्याची रीत रूढ झाली: पुढच्या बाजूस जेथून निघाले तेथील तारखेची, मागच्या बाजूस जेथे पोहोचले तेथील तारखेची. ज्याला अक्षरओळख होती, तो कोणीही पाकीट उलटे करून टपालाच्या वेगाची परीक्षा घेऊ शकत होता, आणि घरोघरी ती घेतली जात असे. लाल पेटीच्या तोंडाखाली लावलेल्या लहानशा पट्टीवर पेटी पुन्हा केव्हा उघडली जाईल ते लिहिलेले असे. ती पट्टी वेळेवर बदलली गेली नाही तर पेटी उघडली गेली नाही, हे रस्त्याने जाणाऱ्या शाळकरी मुलालाही कळे. जुन्या व्यवस्थेचे हे शहाणपण मला फार मोलाचे वाटते, कारण खात्याच्या कामाचा पुरावा त्या कामातच गुंफलेला होता आणि तो पाहण्यास कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. आज माझ्याकडे येणाऱ्या साध्या पाकिटांवर मागची मोहोर बहुधा नसतेच, आणि असली तर तारीख वाचता येईल इतकी स्पष्ट क्वचितच असते. पेट्यांच्या आत आता सांकेतिक पट्टी चिकटविलेली असते व ती यंत्राने वाचून पेटी उघडल्याची नोंद वरिष्ठांकडे जाते. नोंद अधिक अचूक झाली असेल, परंतु ती रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेआड गेली.

कायद्यानेही नागरिकाला या बाबतीत फारसा आधार दिलेला नाही. १८९८ च्या टपाल कायद्याच्या सहाव्या कलमाने पत्र गहाळ झाले, भलत्याच्या हाती गेले, उशिरा पोहोचले किंवा खराब झाले, तरी सरकारवर कसलेही दायित्व येणार नाही असे सांगून ठेवले. सरकारने स्पष्ट शब्दांत जबाबदारी पत्करली असेल तेवढा अपवाद, आणि कर्मचाऱ्याने कपट किंवा बुद्धिपुरस्सर कसूर केली असेल तरच तो वैयक्तिक जबाबदार. परकीय सत्तेने स्वतःच्या सोयीसाठी घातलेले हे कवच स्वतंत्र भारताने तब्बल पाऊणशे वर्षे अंगावर बाळगले, आणि ग्राहक न्यायालयांची दारे खुली झाल्यावरही टपालाविरुद्धची फिर्याद याच कलमावर आपटून परत येत राहिली. २०२३ साली संसदेने नवा टपाल कायदा केला. तो १८ जून २०२४ पासून अमलात आला. पत्रवहनाची सरकारची जुनी मक्तेदारी त्याने संपविली. परंतु दायित्वाच्या बाबतीत नियमांनी जेवढे ठरवून दिले असेल तेवढेच, हे तत्त्व दहाव्या कलमात कायम राहिले. स्पीड पोस्टाला उशीर झाला तर त्याचे शुल्क परत, आणि वस्तू गहाळ झाली तर शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, असा नियम वर्षानुवर्षे चालत आला आहे. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र मुलाखतीनंतर मिळालेल्या उमेदवाराला त्याने कसली भरपाई होणार? जेथे न्यायालयात दाद मागण्याची वाट इतकी अरुंद आहे, तेथे देखरेखीची यंत्रणा अधिक सबल असावयास हवी. आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेची हकिगत येथे सांगतो. त्यांच्या दिवंगत पतीच्या निवृत्तिवेतनाचे काही कागद स्पीड पोस्टाने निघाले होते, आणि मुलगा भ्रमणध्वनीवर त्यांचा माग ठेवून होता. एके दिवशी दुपारी नोंद उमटली की, टपालवाला येऊन गेला परंतु दार बंद होते. त्या दिवशी त्या घरी सत्यनारायणाची पूजा होती, ओटीपासून माजघरापर्यंत माणसे बसली होती, आणि पायताणांची रांग अंगणात गेली होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत विचारणा केली तेव्हा कागद तेथेच गठ्ठ्यात होते. टपालवाल्याने खाली मान घालून सांगितले की, त्याच्याकडे त्या दिवशी दुसऱ्या एका रजेवरील माणसाचीही फेरी होती, आणि संध्याकाळी यादीतील प्रत्येक वस्तूपुढे काही ना काही शेरा नोंदविल्याशिवाय हिशेब मिटत नाही. त्या बाईंनी तक्रार केली नाही. मला त्यांचे ते करणे समजते, कारण त्यांना समोर दिसत होता तो एक दमलेला माणूस, आणि त्याला दमविणारी व्यवस्था त्या खिडकीपाशी कोठेच उभी नव्हती.

या प्रसंगातील खरी गोम टपालवाल्याच्या खोट्या शेऱ्यात नाही. खात्याने मोजमाप सुरू केले, परंतु ते मोजमाप ज्याचे काम मोजावयाचे त्याच्याच हाती दिले, आणि वरून आकडे स्वच्छ दिसले पाहिजेत असा तगादा लावला. त्याबरोबर आकडा आणि वस्तुस्थिती यांची फारकत अटळ झाली. पडद्यावर दिसणारी 'वितरित' किंवा 'दार बंद' ही नोंद खात्याने स्वतःविषयी दिलेली साक्ष आहे. स्वतःविषयीच्या साक्षीला दुजोरा लागतो, हे तालुक्याच्या कोर्टातला पक्षकारही जाणतो.

हा दुजोरा कसा मिळवावा, याचा एक चांगला नमुना अमेरिकेत आहे. तेथील टपाल सेवेसाठी १९९० च्या दशकात स्वतंत्र महानिरीक्षकाचे कार्यालय स्थापन झाले. महानिरीक्षकाची नेमणूक टपाल सेवेचे प्रशासकीय प्रमुख करीत नाहीत, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले नियामक मंडळाचे सदस्य करतात, आणि त्यामुळे ज्याची तपासणी करावयाची त्याच्या मर्जीवर तपासणाराची खुर्ची अवलंबून राहत नाही. या कार्यालयाची पथके एका छाननी केंद्राला आणि त्याच्या हाताखालील काही वितरण कचेऱ्यांना एकाच वेळी भेट देतात. आदल्या दिवशीचे न वाटता राहिलेले टपाल सकाळी स्वतः मोजतात. त्या कचेरीने वरिष्ठांना कळविलेला आकडा शेजारी मांडतात, आणि दोहोंतील तफावत लिहून काढतात. पार्सल पोहोचल्याची नोंद ग्राहकाच्या दारात झाली की कचेरीच्या आवारातच उरकली गेली, हे ते यंत्रातील स्थाननोंदींवरून ताडून पाहतात. सत्यनारायणाच्या दिवशीची ती 'दार बंद' नोंद अशा परीक्षेत एका दिवसात उघडी पडली असती. एवढ्यावर ते थांबत नाहीत; टपालपेट्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, त्यांची नोंद आहे काय, इमारतीतील आगप्रतिबंधक साधने चालू आहेत काय, छत गळते काय, शौचालये वापरण्याजोगी आहेत काय, ग्राहकांच्या दालनात दिवे आहेत काय, हेही पाहिले जाते. आणि अखेर त्या कचेरीच्या नावानिशी, छायाचित्रांसह, टपाल सेवेचे म्हणणे सोबत जोडून, तो अहवाल सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध होतो. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे २०२३ च्या उन्हाळ्यात मोठ्या गाजावाजाने सुरू केलेले विभागीय छाननी केंद्र अपेक्षित सुधारणा घडवून आणण्याऐवजी त्या भागातील टपाल मागे पाडीत आहे, हे याच कार्यालयाने २०२४ च्या वसंतात लेखी सांगितले. आणि ते सांगितल्यामुळेच देशभर तशीच केंद्रे उभारण्याच्या योजनेवर तेथील लोकप्रतिनिधींना बोट ठेवता आले. अमेरिकेचे टपाल त्यामुळे निर्दोष झाले असा माझा दावा नाही. दोष कोठे आहे, हे तेथील नागरिकाला आपल्या गावच्या कचेरीच्या नावासह कळू लागले.

इंग्लंडात ही परीक्षा नियामकाकडे आहे. तेथील रॉयल मेलने पहिल्या वर्गाची ९३ टक्के पत्रे दुसऱ्याच कामाच्या दिवशी पोहोचवावीत असा दंडक होता, आणि प्रत्यक्षात किती पोहोचली हे त्रयस्थ संस्थेने टाकलेल्या व मिळविलेल्या चाचणी-पत्रांवरून मोजले जाई. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण ७३.७ टक्क्यांवर आले तेव्हा ऑफकॉम या नियामक संस्थेने ५६ लाख पौंडांचा दंड ठोठावला. पुढच्या वर्षी १ कोटी ५ लाखांचा. आणि २०२५ मध्ये २ कोटी १० लाखांचा. तरीही कामगिरी दंडकापर्यंत पोहोचली नाही, आणि दरम्यान नियामकाने दंडकच ९३ वरून ९० टक्क्यांवर उतरविला. या गोष्टीने मन खट्टू होते खरे. परंतु दंडक उतरला हे त्या देशातील प्रत्येक वृत्तपत्राने छापले, त्यावर संसदेत व घराघरांत वाद झाला, कारण उतरण्याजोगा एक जाहीर आकडा तेथे अस्तित्वात होता. आपल्याकडे साध्या पत्राची घसरण झाली असेल तर ती कोणत्या आकड्यावरून कोणत्या आकड्यावर झाली, हे गावातला माणूस सांगू शकत नाही.

आणि इंग्लंडचेच नाव निघाले आहे, तर तेथील त्या भीषण अन्यायाची आठवण ठेवल्यावाचून टपालाच्या तपासणीवर लिहिणे अप्रामाणिक ठरेल. रॉयल मेलपासून आता पूर्णतः वेगळ्या असलेल्या पोस्ट ऑफिस या सरकारी मालकीच्या कंपनीने आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणकप्रणाली १९९९ च्या सुमारास बसविली. प्रणाली सदोष होती. ती नसलेल्या तुटी दाखवीत असे. लेखापरीक्षक सकाळी शाखेच्या दारात येत, यंत्रातील आकडा आणि पेटीतील रोकड ताडून पाहत, तूट दिसली की शाखा बंद करीत आणि शाखा चालविणाऱ्या उपडाकपालाला चोर ठरवीत. यंत्र चुकत असेल, ही शंका घेण्याचे धैर्य वरपर्यंत कोणी दाखविले नाही. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक निरपराध माणसे दोषी ठरविली गेली; कित्येक तुरुंगात गेली, कित्येकांची घरे विकली गेली, आणि काहींनी जीवन संपविल्याचे चौकशी अहवालात आता नमूद झाले आहे. अखेर २०२४ साली संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. तेथे तपासणी भरपूर होती. दप्तर चोख होते. परंतु तपासणीची नजर केवळ खालच्या पायरीकडे वळलेली होती, आणि ज्यांनी प्रणाली विकत घेतली, ज्यांनी तिचे दोष ठाऊक असूनही दडविले, त्यांच्या मेजावरचे कागद कोणी उलगडून पाहिले नाहीत. आपल्या शाखा डाकघरांतही २०१७ नंतर हाती धरावयाची यंत्रे आली, आणि २०२५ मध्ये साऱ्या देशाची टपाल कचेरी नव्या संगणकप्रणालीवर गेली. जाळे मिळाले नाही, नोंद दोनदा पडली, व्यवहार अर्ध्यावर लटकला, असे प्रसंग यापुढेही येणारच. तेव्हा निरीक्षकाने पोस्टमास्तरांकडे खुलासा मागण्यापूर्वी यंत्राचा खुलासा मागितला पाहिजे, हा धडा आपण दुसऱ्याच्या दुःखातून फुकट मिळालेला आहे असे समजून पक्का गिरवावा.

कारण ज्याच्या खांद्यावर आपले ग्रामीण टपाल उभे आहे, तो माणूस फार थोड्या वेतनावर फार मोठे ओझे वाहत आहे. भारतात १ लाख ६४ हजारांहून अधिक टपाल कचेऱ्या आहेत, त्यांतील दहापैकी नऊ खेड्यांत आहेत, आणि खेड्यांतील बहुतेक शाखा ग्रामीण डाक सेवक चालवितात. हा सेवक नियमित सरकारी नोकर नाही. चार किंवा पाच तासांचे काम, आणि २०१८ पासून शाखेच्या पोस्टमास्तरांना तासांप्रमाणे १२,००० किंवा १४,५०० रुपयांपासून सुरू होणारा मोबदला व त्यावर महागाई भत्ता, अशी त्याची मांडणी आहे. कचेरीसाठी गावातली मोक्याची जागा त्यानेच उपलब्ध करून द्यावयाची आणि तिच्यासाठी ठरलेला अल्पसा भत्ता घ्यावयाचा. म्हणजे पुष्कळ गावांत भारत सरकारची टपाल कचेरी ही एखाद्या घराची ओसरी असते: भिंतीला टेकविलेले लाकडी टेबल, त्यावर तारखेचा शिक्का आणि शाईची गादी, खिळ्याला टांगलेली रिकामी पिशवी, कोपऱ्यात लहानशी लोखंडी पेटी, आणि पावसाळ्यात गळतीपासून वाचविण्यासाठी वहीवर पांघरलेला प्लास्टिकचा कागद. पेन्शनसाठी आलेल्या म्हाताऱ्याला बसावयास बाक असेलच असे नाही, पिण्याच्या पाण्याची सोय घरच्या माठातून होते, आणि मुलगी नव्याने सेवक म्हणून रुजू झालेली असेल व गाव परका असेल तर तिची गैरसोय काय होते हे लिहिण्याचीही गरज नसावी. तपासणीच्या अहवालात या ओसरीतील रोकड असते. ओसरी स्वतः तेथे किती जागा व्यापते? गळणाऱ्या छताबद्दलचा शेरा पोस्टमास्तरांच्या नावे निघतो आणि त्यांनीच पूर्तता करावयाची असते, तेव्हा त्या शेऱ्याने छत दुरुस्त होईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. २०१६ साली कमलेश चंद्र समितीने या सेवकांच्या स्थितीविषयी सविस्तर अहवाल सादर केला होता. त्यातील वेतनाचा भाग पुष्कळ अंशी अमलात आला, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्यांच्या कचेरीची जागा, उजेड, जाळे आणि सुरक्षितता यांचा वार्षिक व जाहीर ताळेबंद कोणी मांडीत नाही.

मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसचा घुमट पाहून परगावचा माणूस आजही थबकतो. १९१३ साली पूर्ण झालेली, विजापूरच्या गोल घुमटाची छाया घेऊन उभी असलेली ही वास्तू जतन व्हावी, तिच्यावर खर्च व्हावा, हे सर्वथैव योग्यच आहे. त्या घुमटाखालून निघालेली पिशवी ज्या ओसरीवर उघडली जाते, तिचीही गणना टपाल खात्याच्या वास्तूंत व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोणी विचारील की, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक आहेत ना? आहेत, आणि ते पद किती थोर आहे हे डॉ. आंबेडकरांनी ३० मे १९४९ रोजी घटना समितीत सांगून ठेवले आहे. घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी बहुधा हाच, असा त्यांचा अभिप्राय होता, आणि हा अधिकारी न्यायसंस्थेइतका तरी स्वतंत्र असावा, असा त्यांचा आग्रह होता. टपाल खात्याचा जमाखर्च महालेखापरीक्षकांच्या अधिकारकक्षेत येतो, त्यांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातात, आणि लोकलेखा समिती त्यांतील निवडक परिच्छेदांवर सचिवांची साक्ष घेते. खर्चाबरोबर कामगिरीचीही लेखापरीक्षा करण्याचा पायंडा या संस्थेने पाडलेला आहे आणि टपाल खात्याच्या वाट्यालाही ती आलेली आहे. तथापि अशी परीक्षा काही वर्षांच्या अंतराने, निवडक विषयावर, निवडक परिमंडळांपुरती होते. तिचा अहवाल छापून संसदेपुढे येईपर्यंत ज्यांचे पत्र हरवले ते लोक ते पत्र विसरूनही गेलेले असतात. शिवाय तिच्यात परिमंडळाची सरासरी असते, आणि सरासरीत माझे गाव सापडत नाही. महाराष्ट्र परिमंडळात गोव्यासह बारा हजारांहून अधिक कचेऱ्या येतात. त्या साऱ्यांची मिळून एक टक्केवारी काढली, तर दादरचा वेग मोखाड्याची दिरंगाई झाकून टाकील.

पत्रे आता लिहितो कोण, मग ही यातायात कशाला, असा एक आक्षेप हल्ली सर्रास ऐकू येतो. खुशालीची पत्रे कमी झाली हे खरेच. परंतु न्यायालयाची नोटीस, पारपत्र, आधारचे पत्र, वाहन चालविण्याचा परवाना, बँकेचे कार्ड, विम्याचे कागद, भूसंपादनाची सूचना, हे सारे आजही टपालानेच येते, आणि या कागदांच्या तारखांना कायद्यात अर्थ असतो. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत डाकेने पाठविलेले पत्र नेहमीच्या मुदतीत पोहोचले असेच कायदा गृहीत धरतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमात तसे लिहिलेले आहे. ते गृहीतक ज्याच्या विरुद्ध जाते, त्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत पत्र वास्तविक कधी गेले, याचा भरवसा देणे ही राज्याची जबाबदारी ठरते. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टात विलीन झाल्यावर तर ही जबाबदारी आणखी वाढली. खाजगी कुरियर शहरातली मलई घेतो. डोंगरापलीकडच्या पाड्यावर तो जात नाही, आणि त्याने जावे अशी सक्ती करणारा कायदाही नाही.

उपाय करण्यासाठी नवी महागडी यंत्रणा लागेल असेही नाही. चाचणीसाठी पत्रे टाकून पाहण्याची पद्धत खात्यात जुनीच आहे. तिचे निष्कर्ष आजवर कोणत्याही पोस्टाच्या फलकावर लागलेले मी पाहिले नाहीत. ही पत्रे टाकण्याचे काम खात्याबाहेरच्या माणसांकडे द्यावे, म्हणजे महाविद्यालये, ग्रामपंचायती, ग्राहक संघटना यांच्याकडे. आणि निष्कर्ष पिनकोडवार प्रसिद्ध करावेत. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जो संस्कृतचा विद्वान कवीही होता, १५ ऑगस्ट १९७२ रोजी या देशाला सहा आकड्यांचा पिनकोड दिला, तेव्हा पत्र चुकू नये हा त्याचा हेतू होता; त्याच सहा आकड्यांनी आता पत्र कोठे रखडते हेही दाखवून द्यावे. जेथे विलंब दिसेल तेथे प्रथम विचारावे की फेरी किती लांबीची आहे, जागा किती रिक्त आहेत, पिशवी घेऊन येणारी गाडी किती वाजता पोहोचते, जाळे किती तास बंद असते. आणि हे प्रश्न विभागाच्या अधीक्षकाला व त्याच्या वरिष्ठांना विचारावेत. त्यांचे उत्तर त्याच फलकावर, त्याच अहवालाखाली, मराठीत लागावे. अपुऱ्या मनुष्यबळाचा दोष ज्या मंत्रालयाकडे जातो त्याच्याकडे तो जाऊ द्यावा. दोन फेऱ्या एकाच दिवशी करणाऱ्या टपालवाल्याच्या माथी तो मारू नये.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य जातात. गोव्यातून आणखी तीन. नव्या टपाल कायद्याखालील नियम संसदेपुढे ठेवले जातात, आणि त्यांत दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार या सदस्यांना आहे. पत्र पोहोचण्याची मुदत, तिचे त्रयस्थाकडून वार्षिक मोजमाप, शाखा डाकघरांच्या जागेची पाहणी आणि उशिराबद्दलचे वाजवी दायित्व, या बाबी नियमांत लिहून घेण्यासाठी त्यांनी पुढील अधिवेशनात प्रश्न विचारावा. आणि वाचकांनी आपल्या खासदाराला तसे एक पत्र लिहावे, त्यावर पिनकोड घालावा, पाठविल्याची तारीख टिपून ठेवावी, आणि ते केव्हा पोहोचले ते त्यांच्याकडून कळवून घ्यावे.